यंत्राला हेतू नसतो, म्हणून अन्यायही नसतो?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एखाद्या प्रणालीमुळे अमेरिकेत कृष्णवर्णीयांवर अन्याय झाल्याची बातमी आली की समाजमाध्यमांवर वाद पेटतो आणि दर वेळी त्याच रुळावरून धावतो. एक बाजू म्हणते, हे यंत्र वंशद्वेष्टं आहे. दुसरी म्हणते, यंत्राला कसला आलाय द्वेष? ते निव्वळ गणित करतं, समोरच्याच्या कातडीचा रंग त्याला दिसतही नाही. मग कुणीतरी यंत्राला मन असतं का, त्याच्या बुद्धीला बुद्धी म्हणायचं का, हा विषय काढतं. तो विषय मोहक आहे, त्यामुळे सगळे तिकडे वळतात. ज्या माणसाला नाहक अटक झाली, ज्या बाईला उपचार मिळाले नाहीत, ती माणसं तोवर चर्चेतून बाहेर फेकली गेलेली असतात.

हा सगळा वाद मुळातच भलत्या प्रश्नाभोवती फिरतो, असं माझं ठाम मत आहे. अन्याय झाला की नाही हे ठरवायला यंत्राच्या अंतःकरणात डोकावण्याची काही गरज नाही. परिणाम काय झाला, तो कोणाच्या वाट्याला आला, तो टाळता येण्यासारखा होता का आणि हे यंत्र वापरायचं कोणी ठरवलं, हे सगळं तपासता येतं. अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेने हे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी मान्य केलं होतं. तेही बुद्धिमत्ता मोजणाऱ्या एका चाचणीच्याच निमित्ताने.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक पॉवर या वीज कंपनीचं डॅन रिव्हर नावाचं औष्णिक वीज केंद्र होतं. तिथे कामाचे पाच विभाग होते. कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात घेत, आणि त्या विभागातला सर्वांत जास्त पगार उरलेल्या चार विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी असे. नोकरीतला वंशभेद बेकायदा ठरवणारं, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातलं प्रकरण २ जुलै १९६५ रोजी लागू झालं. नेमका त्याच दिवशी कंपनीने नवा नियम आणला. मजूर विभाग सोडून दुसऱ्या कुठल्याही विभागात नव्याने लागायचं, तर हायस्कूलचं प्रमाणपत्र हवं आणि दोन चाचण्यांत उत्तीर्ण व्हायला हवं. त्यातली एक चाचणी सर्वसाधारण बुद्धिमत्तेची होती.

या नियमात वंशाचा उल्लेखही नव्हता. चाचणी सगळ्यांना सारखीच, गुण देण्याची पद्धतही सारखीच. पण ज्यांच्या पिढ्या वेगळ्या आणि हलक्या दर्जाच्या शाळांत शिकल्या, त्यांना ही चाळण कुठे अडवणार हे उघड होतं. दुसरीकडे, ज्या गोऱ्या कामगारांनी हायस्कूल पूर्ण केलं नव्हतं आणि ही चाचणीही दिली नव्हती, ते वर्षानुवर्षं त्याच जागांवर व्यवस्थित काम करत होते. म्हणजे कामासाठी त्या चाचणीची गरज होती, असंही नव्हतं. १३ कृष्णवर्णीय कामगारांनी दावा लावला. अपील न्यायालय म्हणालं, कंपनीचा भेदभाव करण्याचा हेतू दिसत नाही, म्हणून नियम वैध. ८ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निर्णय फिरवला. सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांच्या निकालपत्राचा गाभा असा: कायद्याचा रोख हेतूवर थांबत नाही, तो परिणामांकडे बघतो. एखाद्या अटीमुळे कृष्णवर्णीय मोठ्या प्रमाणात गळत असतील, तर त्या अटीचा कामाशी खरोखर संबंध आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते.

हा निकाल लागला तेव्हा यंत्र-शिक्षणावर, म्हणजे जुन्या माहितीतून स्वतः शिकण्यावर, चालणाऱ्या भरती-प्रणाली कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या. तरी आजच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात हीच मांडणी दिसते. वंशाचं नाव कुठेही नाही, निकष सगळ्यांना सारखा, कोणाच्या मनात काळंबेरं असल्याचा पुरावा नाही, आणि तरीही विशिष्ट लोकच पुन्हा पुन्हा बाहेर पडतात.

यातलं सर्वांत बोलकं उदाहरण आरोग्यसेवेतलं आहे. ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात खलनायक शोधून सापडत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांना आपल्या रुग्णांपैकी कोणाकडे जास्त लक्ष द्यावं लागेल, हे आधीच ओळखायचं असतं. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे आजार असे जुनाट विकार असणाऱ्यांसाठी खास कार्यक्रम असतो. त्यात जास्तीच्या परिचारिका मिळतात, भेटीच्या वेळा लवकर मिळतात. या कार्यक्रमात कोणाला घ्यायचं हे सुचवण्यासाठी एक प्रणाली प्रत्येक रुग्णाला जोखमीचे गुण देत असे. झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या रुग्णालयाची माहिती तपासली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. सारखेच गुण मिळालेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय रुग्णांची तुलना केली, तर कृष्णवर्णीय रुग्ण बरेच जास्त आजारी होते.

प्रणालीला रुग्णाचा वंश सांगितलेला नव्हता. मग पाणी मुरत होतं कुठे? तर तिला शोधायला सांगितलं होतं ते आजारपण नव्हे, पुढच्या वर्षीचा उपचारांचा खर्च. आजारपण मोजणं अवघड, खर्च मात्र देयकांत तयार असतो. जो जास्त आजारी त्याच्यावर जास्त खर्च, हे वरवर पटतंही. पण ज्यांना दवाखान्यात जायला रजा मिळत नाही, ज्यांचा विमा तुटपुंजा आहे, ज्यांना डॉक्टरांवर विश्वास न ठेवण्याची कारणं इतिहासाने दिली आहेत, त्यांच्यावर तितक्याच आजारासाठी कमी पैसा खर्च होतो. यंत्राने कमी खर्चाचा अर्थ कमी आजार असा लावला. त्याचं गणित चोख होतं. त्याने खर्च बरोबरच ओळखला. ही चूक दुरुस्त केली, तर जास्तीच्या मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा संशोधकांचा हिशेब होता. पुढे प्रणाली बनवणाऱ्या कंपनीबरोबर काम करून त्यांनी खर्चासोबत आरोग्याचे निकषही धरले, तेव्हा हा पक्षपाती कल ८४ टक्क्यांनी घटला.

म्हणजे हा अन्याय टाळता येण्यासारखा होता. 'गणित आहे, त्याला काय करणार' असं म्हणणाऱ्यांनी या आकड्याशी जरा थांबावं. खर्च हा निकष आकाशातून पडला नव्हता. एका बैठकीत, काही माणसांनी, सोयीचा म्हणून तो निवडला. त्या निवडीमागे द्वेष नसेल, मला त्यात शंका घ्यायची नाही. पण जो मधुमेही माणूस त्या कार्यक्रमात यायला हवा होता आणि आला नाही, त्याच्या मूत्रपिंडांना द्वेष आणि बेफिकिरी यांतला फरक कळत नाही.

'आकडे खोटं बोलत नाहीत' हा युक्तिवाद तर अमेरिकेत संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे. प्रुडेन्शियल या विमा कंपनीचा सांख्यिकीतज्ज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने १८९६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मृत्युदराचे तक्ते मांडून असं प्रतिपादन केलं की हा वंशच जात्या दुर्बळ आहे आणि नामशेष होण्याच्या वाटेवर आहे, त्यामुळे त्याचा विमा उतरवणं परवडणारं नाही. पुढच्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी त्याचा समाचार घेतला. मृत्यू होत होते हे त्यांनी नाकारलं नाही. गलिच्छ वस्त्या, दारिद्र्य, उपचारांचा अभाव यांतून आलेल्या मृत्यूंचं खापर रक्तावर का फोडता, हा त्यांचा सवाल होता. युरोपातल्या काही शहरांत गोऱ्यांचे मृत्युदरही तितकेच होते. मग तोही वंश नामशेष होणार का? दु बॉइस यांचा सवाल आज आरोग्यसेवेच्या प्रणालीला, जामिनाच्या प्रणालीला, कर्जाच्या प्रणालीला जसाच्या तसा विचारता येतो.

बुद्धिमत्तेचा अर्थ काय, हा विषयही मला टाळायचा नाही. त्याला मन, आत्मा, जाणीव यांच्याकडून भिडण्यापेक्षा इतिहासाकडून भिडावं, एवढंच. बुद्धी ही एकाच फूटपट्टीवर मोजता येणारी वस्तू आहे आणि त्या फूटपट्टीवर माणसांची उतरंड लावता येते, ही कल्पना अमेरिकेत रुजली ती वंशाच्या प्रश्नाशी हातात हात घालून. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सतरा लाखांहून अधिक जवानांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या. त्या चाचणीत एका नामवंत बेसबॉलपटूचं नाव देऊन तो कशासाठी प्रसिद्ध आहे, असा प्रश्न होता. एका खाद्यतुपाच्या अमेरिकी ब्रँडचं नाव देऊन ते औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ, असाही प्रश्न होता. नुकत्याच बोटीतून उतरलेल्या इटालियन किंवा पोलिश माणसाला याचं उत्तर कुठून येणार?

प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी हे निकाल घेऊन १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं आणि उत्तर युरोपीय गोरे वरच्या पायरीवर, दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेले खाली, कृष्णवर्णीय त्याहून खाली, अशी मांडणी केली. अमेरिकेत जास्त वर्षं राहिलेल्या स्थलांतरितांचे गुण जास्त होते, हे त्यांना आकड्यांत दिसलं होतं. साधा अर्थ असा की चाचणी अमेरिकेची ओळख मोजते आहे. ब्रिगम यांनी अर्थ लावला तो असा की अलीकडे येणारे स्थलांतरितच हिणकस आहेत. १९२६ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशाची सॅट परीक्षा पहिल्यांदा घेतली गेली, ती ब्रिगम यांच्याच देखरेखीखाली. १९३० मध्ये त्यांनी आपल्या पुस्तकातले निष्कर्ष निराधार असल्याचं जाहीरपणे मान्य केलं, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवी. पण तोवर दक्षिण आणि पूर्व युरोपीयांना जवळजवळ दारं बंद करणारा १९२४ चा स्थलांतर कायदा होऊन गेला होता.

म्हणून एखाद्या प्रणालीला बुद्धिमान म्हटलं जातं तेव्हा ती सचेतन आहे का, यापेक्षा तिची परीक्षा कोणी घेतली, कोणत्या प्रश्नपत्रिकेवर आणि कोणाला वगळून, हे मला आधी जाणून घ्यायचं असतं. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होतं. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीत ते ३४.७ टक्क्यांवर गेलं होतं. एकूण सरासरी बघून या प्रणालींना हुशार म्हणणं सहज शक्य होतं आणि तसं म्हटलंही जात होतं. सरासरीच्या पोटात कोण दडपलं गेलंय हे बघायला दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रिया याव्या लागल्या.

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेने १८९ प्रणालींची चाचणी प्रसिद्ध केली. त्यातल्या अनेकांत दोन वेगळ्या माणसांना एकच समजण्याची चूक गोऱ्यांच्या तुलनेत आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांबाबत १० ते १०० पट जास्त होत होती. आशियात तयार झालेल्या काही प्रणालींत मात्र आशियाई आणि गोऱ्या चेहऱ्यांमधली ही तफावत दिसली नाही. यंत्र जिथे, ज्यांच्या चेहऱ्यांवर वाढतं, त्यांना ते नीट ओळखतं.

मग चेहरे वाढवा, यंत्र सुधारेल, प्रश्न मिटेल, असं बरेच तंत्रज्ञ सांगतात. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं डेट्रॉइटच्या प्रकरणात दिसतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या एका दुकानातून सुमारे ३,८०० डॉलरची पाच घड्याळं चोरीला गेली. कॅमेऱ्यातलं चित्र अंधुक होतं, चोराच्या डोक्यावर टोपी होती. ते चित्र पोलिसांच्या प्रणालीत टाकल्यावर संभाव्य जुळणाऱ्या चेहऱ्यांत रॉबर्ट विल्यम्स यांच्या जुन्या वाहन परवान्याचा फोटो आला. पोलिसांनी सहा फोटो लावून ओळख पटवून घेतली, तीही अशा व्यक्तीकडून जिने चोरी प्रत्यक्ष पाहिलीच नव्हती, फक्त तेच चित्रीकरण पाहिलं होतं. जानेवारी २०२० मध्ये विल्यम्स यांना त्यांच्या घराच्या अंगणात, पत्नी आणि दोन लहान मुलींसमोर बेड्या घातल्या. सुमारे ३० तास कोठडी. चौकशीत चोराचा फोटो समोर ठेवला गेला, तेव्हा त्यांनी तो उचलून आपल्या चेहऱ्याशेजारी धरला. दोघं एक नाहीत हे दिसायला कुठलीही प्रणाली लागत नव्हती.

इथे यंत्राने अंदाज वर्तवला होता. त्याला पुराव्याचा दर्जा दिला तो माणसांनी. चोरीच्या दिवशी विल्यम्स कुठे होते, हे कोणी विचारलं नाही. डेट्रॉइटमध्येच फेब्रुवारी २०२३ मध्ये आठ महिन्यांच्या गरोदर कृष्णवर्णीय स्त्रीला गाडी पळवल्याच्या आरोपाखाली अशाच जुळणीवरून पकडलं गेलं, आणि खटला पुढे टिकला नाही. २०२४ मध्ये शहराने विल्यम्स यांना ३ लाख डॉलर देऊन तडजोड केली. मला त्या रकमेपेक्षा तडजोडीतल्या अटी महत्त्वाच्या वाटतात: केवळ चेहरा जुळला म्हणून अटक करायची नाही, आणि नुसत्या त्या जुळणीच्या जोरावर फोटोंची रांग लावून ओळख पटवायची नाही. यंत्र तेच राहिलं. बदलले ते त्याच्या वापराचे नियम. जाब माणसांना विचारला, म्हणून बदल झाला.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीच्या प्रकरणातून येतो. तो झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. आरोपी पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, याचे गुण देणारी कॉम्पास नावाची प्रणाली तिथे वापरात होती. मे २०१६ मध्ये 'प्रोपब्लिका' या वृत्तसंस्थेने सात हजारांहून अधिक आरोपींची माहिती तपासली. ज्यांनी पुढे नवा गुन्हा केला नाही, अशांपैकी कृष्णवर्णीयांना धोकादायक ठरवण्याचं प्रमाण ४४.९ टक्के होतं, गोऱ्यांना २३.५ टक्के. कॉम्पास बनवणाऱ्या कंपनीने उत्तर दिलं की आमच्या प्रणालीने धोकादायक म्हटलेल्या माणसांपैकी प्रत्यक्षात पुन्हा पकडले गेलेल्यांचं प्रमाण दोन्ही वंशांत साधारण सारखं आहे, म्हणजे आमचे गुण निःपक्षपातीच आहेत. नंतर गणितज्ञांनी दाखवून दिलं की दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. दोन गटांत पुन्हा पकडलं जाण्याचं मूळ प्रमाण वेगळं असेल आणि भाकीत अचूक नसेल, तर न्याय्यतेच्या या दोन कसोट्या एकाच वेळी पूर्ण होऊच शकत नाहीत.

यावरून काही जण निष्कर्ष काढतात की मग न्याय्यतेची मागणीच फोल आहे. मला बरोबर उलटं वाटतं. दोन कसोट्यांपैकी एक निवडावी लागते, याचा अर्थ तो निर्णय मूल्यांचा आहे. निर्दोष माणूस आत राहण्याची किंमत जास्त की दोषी बाहेर राहण्याची, हे गणित सांगत नाही. ते समाजाने उघडपणे, चर्चा करून ठरवायचं असतं. ब्रॉवर्डमध्ये ते एका खासगी कंपनीने ठरवून टाकलं होतं आणि न्यायाधीशांच्या हाती फक्त एक ते दहा यांतला एक आकडा पडत होता. शिवाय 'पुन्हा पकडलं जाणं' म्हणजे 'पुन्हा गुन्हा करणं' नव्हे. गांजा ओढण्याचं प्रमाण गोऱ्यांत आणि कृष्णवर्णीयांत साधारण सारखं असूनही तो बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांच्या बाबतीत साडेतीन पटींहून जास्त आहे, असं अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०२० च्या अहवालात दिसतं. पोलीस जिथे जातात तिथे गुन्हे नोंदले जातात, नोंदी यंत्राला शिकवल्या जातात, आणि यंत्र पोलिसांना पुन्हा तिथेच धाडतं.

माणसं तरी कुठे निःपक्षपाती असतात, हा प्रश्नही रास्त आहे. पूर्वग्रह असलेला न्यायाधीश आपल्या डोक्यात काय शिजलं हे कधी सांगत नाही. यंत्राला मात्र हजारो वेळा तोच प्रश्न विचारून त्याचा कल मोजता येतो. आरोग्यसेवेतला अन्याय उघडकीस आला तो याचमुळे. यंत्राची ही मोठीच बाजू आहे. पण ती तेव्हाच कामी येते, जेव्हा आतली माहिती बघू दिली जाते. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०१६ मध्ये कॉम्पासबद्दलच एका आरोपीने तक्रार केली की शिक्षा ठरवताना ज्या गुणांचा विचार झाला ते कसे काढले हे मला कळू दिलं जात नाही, कारण सूत्र कंपनीचं व्यापारी गुपित आहे. न्यायालयाने काही इशारे जोडून वापर चालू ठेवला. माणसाच्या स्वातंत्र्याचा निर्णय गुपितावर ठरवणं मला कुठल्याही तर्काने समर्थनीय वाटत नाही.

हा सगळा वाद जिथे चालतो त्या समाजमाध्यमांवरही यंत्रांचा पहारा आहे, हे वाद घालणाऱ्यांच्या फारसं लक्षात येत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की अपमानास्पद मजकूर टिपायला शिकवलेल्या प्रणाली आफ्रिकन अमेरिकन बोलीतल्या ट्वीट्सना दुपटीपर्यंत जास्त वेळा अपमानास्पद ठरवत होत्या. ज्या माणसांनी त्या प्रणालींना शिकवण्यासाठी मजकुरावर शिक्के मारले, त्यांना ती बोली परकी होती. लिहिणाऱ्याची बोली कोणती हे आधी सांगितल्यावर त्यांचे शिक्के बदलले. म्हणजे आपल्यावरच्या अन्यायाबद्दल आपल्याच घरच्या भाषेत बोलणाऱ्याचा आवाज द्वेष रोखण्याच्या नावाखाली दाबला जाण्याचा धोका होता.

भाषा निर्माण करणाऱ्या मोठ्या मॉडेल्सबद्दल ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला अभ्यास तर मला झोप उडवणारा वाटला. कृष्णवर्णीयांबद्दल तुमचं मत काय, असं थेट विचारलं तर ही मॉडेल्स चांगली विशेषणं देतात. पण वंशाचं नाव न काढता फक्त बोली बदलली, तर ते वाक्य बोलणाऱ्या माणसाला ती हलक्या दर्जाच्या नोकऱ्या सुचवतात, आणि खुनाच्या काल्पनिक खटल्यात त्याला मृत्युदंड देण्याकडे जास्त झुकतात. माणसांकडून चांगल्या-वाईटाचे शेरे घेऊन मॉडेलला वळण लावल्यावर वरचा उघड वंशवाद निवळतो, आतला तसाच राहतो. ड्यूक पॉवरने १९६५ मध्ये नेमकं हेच केलं होतं: फलक काढला, चाळण ठेवली. ही वरवरची सभ्यताही कोणाच्या श्रमांवर उभी आहे, तेही बघावं. चॅटजीपीटीला विखारी मजकूर ओळखायला शिकवण्यासाठी केनियातल्या कामगारांनी ताशी दोन डॉलरहून कमी मोबदल्यात तसला मजकूर दिवसभर वाचला होता, हे जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम'ने समोर आणलं.

अशा वेळी १९७१ चं तत्त्व अधिक बळकट व्हायला हवं होतं. घडलं ते उलट. २३ एप्रिल २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढून केंद्रीय यंत्रणांना सांगितलं की परिणामांवरून भेदभाव ठरवण्याच्या या तत्त्वाचा वापर शक्य तितका बंद करा. तीन महिन्यांनी आणखी एक आदेश निघाला, त्यात सरकार विकत घेईल त्या भाषा-मॉडेल्समध्ये वैचारिक तटस्थता हवी अशी अट आहे. तटस्थतेची मागणी करायची आणि तटस्थ दिसणाऱ्या निकषांचे परिणाम तपासण्याचं हत्यार मात्र खाली ठेवायचं, या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. हेतू सिद्ध करा, असं म्हटलं की यंत्र नेहमीच सुटणार, आणि त्याच्या आडून ते वापरणारेही.

संसदेने १९९१ मध्ये हे तत्त्व नोकरीच्या बाबतीत कायद्यातच लिहून ठेवलं आहे, त्यामुळे आदेशाने ते पुसता येत नाही. पण सरकारी यंत्रणा मागे हटल्या की लढण्याचं ओझं एकेकट्या माणसावर येतं. कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायालयात वर्कडे या कंपनीच्या भरती-सॉफ्टवेअरविरुद्ध असाच दावा चालू आहे. चाळिशी ओलांडलेल्या एका कृष्णवर्णीय अर्जदाराचं म्हणणं आहे की या प्रणालीमार्फत शंभराहून अधिक ठिकाणी अर्ज करूनही दर वेळी नकार आला. एकदा तर मध्यरात्री १२.५५ ला केलेल्या अर्जाला १.५० ला नकार मिळाला. कंपनीला आरोप मान्य नाहीत, आणि निकाल अजून लागायचा आहे. पण जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनीही मालकाची प्रतिनिधी म्हणून जबाबदार धरली जाऊ शकते हे मान्य केलं, आणि मे २०२५ मध्ये वयाच्या मुद्द्यावर इतर अर्जदारांना सामूहिकपणे सामील होण्याची वाट मोकळी केली.

त्या अर्जदाराला जिंकायचं असेल तर एका माहितीवाचून गत्यंतर नाही: त्या प्रणालीने कोणत्या गटातले किती अर्ज पुढे पाठवले आणि किती गाळले. ती माहिती त्याच्याकडे नाही, असूही शकत नाही. ती प्रणाली चालवणाऱ्यांकडे आहे. तेव्हा माणसाची नोकरी, उपचार, कर्ज किंवा स्वातंत्र्य ठरवणारी कुठलीही प्रणाली वापरणाऱ्याने ही आकडेवारी गटवार जपून ठेवावी, बाहेरच्या तपासनिसांना ती मागितल्यावर दाखवावी, नकार मिळालेल्याला कारण सांगावं, आणि तफावत दिसली तर आपला निकष कामाशी निगडित आहे हे स्वतः सिद्ध करावं, एवढं कायद्याने बंधनकारक व्हायला हवं. डॅन रिव्हरच्या १३ कामगारांना आपल्याला अडवणारी चाळण कोणती, हे निदान माहीत होतं.